पाड्यापर्यंत इंटरनेट: प्रा. अभय करंदीकर यांचा प्रवास आणि आपल्या धंद्यासाठी पाच धडे



या आठवड्याचा व्हिडिओ आपण शिरपामाळावर शूट केला. जव्हार शहराला लागूनच असलेला हा माळ. सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथं थांबले, जव्हारच्या राजानं त्यांचं स्वागत करून शिरपेच चढवला आणि त्यावरून शिरपामाळ नाव पडलं, असं इथली माणसं सांगतात. व्हिडिओत एका शास्त्रज्ञाचं नाव दोन मिनिटांत घेतलं आणि पुढे गेलो. पण त्या माणसाची गोष्ट दोन मिनिटांत संपणारी नाही, म्हणून हा सविस्तर लेख.

नाव आहे प्रा. अभय करंदीकर. विषय कॉम्प्युटर नेटवर्किंग. तुम्ही म्हणाल, आपण किराणा, झेरॉक्स, मसाले, पोल्ट्री असले धंदे शिकायला येतो, नेटवर्कच्या शास्त्रज्ञाचं आपल्याला काय? तर दोन कारणं आहेत. एक, त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम आपल्याच पालघर जिल्ह्यात झालं. दोन, ते काम शेवटी एका अगदी धंदेवाईक प्रश्नावर येऊन थांबलं: मशीन बसवणं सोपं आहे, पण उद्या ते चालवणार कोण, आणि त्याला त्यातून काय सुटणार?

हा प्रश्न तुमच्या दुकानालाही लागू आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा. शेवटी जव्हार-मोखाड्यात हाच धंदा करायचा तर हिशेब कसा मांडायचा, तेही दिलंय.

आधी माणूस ओळखून घेऊ

आडनाव मराठी, पण इंजिनिअरिंगचं शिक्षण ग्वाल्हेरला झालं. १९८६ मध्ये तिथल्या माधव इन्स्टिट्यूटमधून पदवी घेतली, मग आयआयटी कानपूरमधून एम.टेक. आणि १९९४ मध्ये पीएच.डी. मधल्या काळात थोडे दिवस इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रात काम केलं.

पीएच.डी. झाल्यावर ते पुण्याला सी-डॅकमध्ये आले. सी-डॅक म्हणजे परम सुपरकॉम्प्युटर बनवणारी संस्था. सुपरकॉम्प्युटर म्हणजे एकच मोठं मशीन नसतं, अनेक प्रोसेसर एकमेकांशी वेगानं बोलत असतात. ते बोलणं जितकं जलद, तितकं मशीन जलद. करंदीकर तिथं वेगवान संदेशवहनाच्या गटाचं काम बघत होते. १९९७ मध्ये ते पवईला आयआयटी मुंबईत शिकवायला आले आणि पुढची वीस वर्षं तिथं राहिले. इलेक्ट्रिकल विभागाचे प्रमुख झाले. २०१८ मध्ये आयआयटी कानपूरचे संचालक झाले, म्हणजे जिथं शिकले त्याच संस्थेचे मुख्य. आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव.

त्यांच्या संशोधनाचा गाभा साध्या भाषेत सांगतो. पाड्यावर एकच नळ आहे आणि वीस घागरी रांगेत आहेत. नळ मोठा करता येत नाही. मग पाणी वाटायचं कसं? ज्याची घागर मोठी त्याला आधी, की जो लांबून आला त्याला आधी, की सगळ्यांना थोडं थोडं? वायरलेस नेटवर्कमध्ये रोज हाच प्रश्न असतो. हवेतल्या लहरी मर्यादित, वापरणारे भरपूर. त्या लहरींचं वाटप कसं करावं, हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय.

आणखी एक गोष्ट उद्योजक म्हणून लक्षात घ्या. हा माणूस फक्त पेपर लिहीत बसला नाही. आयआयटी मुंबईच्या साइन या इनक्युबेटरमधून त्यांनी आयसोडस नेटवर्क्स नावाची ब्रॉडबँडची उपकरणं बनवणारी कंपनीही उभी केली. म्हणजे माल बनवणं, विकणं, ग्राहकाच्या मागे लागणं, हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं.

अडचण नेमकी कुठं होती?

केंद्र सरकारनं २०११ मध्ये एक मोठी योजना मंजूर केली. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची. हीच योजना पुढे भारतनेट नावानं ओळखली गेली.

ऐकायला छान. पण फायबर कुठं संपते? ग्रामपंचायतीच्या ऑफिसात. आणि माणसं कुठं राहतात? पाड्यावर.

हे जव्हार-मोखाड्याच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. एक ग्रामपंचायत, तिच्यात पाच-सात पाडे, एक पाडा डोंगराच्या या अंगाला तर दुसरा ओहोळाच्या पलीकडे. पंचायतीच्या ऑफिसात इंटरनेट आलं म्हणून दोन-तीन किलोमीटर लांबच्या पाड्यावरच्या मुलाला ते मिळत नाही. नेटवर्कवाले या मधल्या टप्प्याला 'मिडल माइल' म्हणतात. तिथं फायबर टाकायची तर डोंगर खोदावा लागतो, वनखात्याची परवानगी लागते, आणि एवढं करून पाड्यावर गिऱ्हाईक किती? तीस-चाळीस घरं. कंपनीला ते परवडत नाही.

मोबाइल टॉवरचंही तसंच. टॉवर उभा करायला, त्याला वीज द्यायला, डिझेल पुरवायला खर्च शहरात होतो तेवढाच, कधी जास्त. आणि महिन्याला होणारी वसुली मात्र कमी. त्यामुळे फोन घेऊन टेकाडावर जाऊन रेंज शोधणारी माणसं आपल्याकडे अजून दिसतात.

आणि हा नुसता व्हिडिओ बघण्याचा प्रश्न उरलेला नाही. रेशनच्या मशीनला नेट लागतं. बँकेतून पैसे काढताना अंगठा लावला की नेट लागतं. शिष्यवृत्तीचा फॉर्म, जातीचा दाखला, सातबारा, सगळं ऑनलाइन. रेंज नाही म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जायचं, आणि तिथंही सर्व्हर डाऊन असला की परत यायचं. ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे, त्यालाच यात सगळ्यात जास्त खर्च येतो.

रिकामी पडलेली जागा

करंदीकर आणि त्यांच्या टीमनं 'ग्राममार्ग' नावाचा प्रकल्प हाती घेतला. पहिला प्रश्न होता, पंचायतीपासून पाड्यापर्यंत बिनतारी जायचं तर कोणत्या लहरींवरून?

इथं त्यांनी जे केलं ते प्रत्येक धंदेवाल्यानं शिकण्यासारखं आहे. नवीन काही विकत घेण्याआधी त्यांनी बघितलं की आपल्याकडे वापराविना काय पडलंय?

जुन्या पिढीला छतावरचा टीव्हीचा अँटेना आठवत असेल. दूरदर्शनचं प्रक्षेपण ज्या लहरींवरून होतं, त्यातला एक पट्टा ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा. त्यात आठ-आठ मेगाहर्ट्झचे १५ चॅनेल बसतात. भारतात जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपण करणारं दूरदर्शन एकटंच, आणि लोक तर केबल आणि डिशवर गेलेले. आयआयटी मुंबईच्या टीमनं देशभरातल्या टीव्ही ट्रान्समीटरची माहिती घेऊन गणित मांडलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की जवळजवळ सगळीकडे १५ पैकी किमान १२ चॅनेल मोकळेच आहेत. म्हणजे ऐंशी टक्के जागा रिकामी!

हे असं झालं, की बाजारपेठेत पंधरा गाळे आहेत, त्यातले बारा कुलूपबंद, आणि बाहेर फेरीवाल्यांना उभं राहायला जागा नाही.

शिवाय ही जागा गावासाठी सोयीची. रेडिओ लहरींचा साधा नियम आहे: लहर जितकी लांब, तितकी ती झाडाझुडपांतून, उंचवट्याच्या कडेनं जास्त चांगली जाते. ५०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ६० सेंटिमीटर लांब. वायफायची ५.८ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम ५ सेंटिमीटर. या छोट्या लहरीला समोरासमोर मोकळी नजर लागते, मध्ये सागाचं झाड आलं तरी ती अडखळते. म्हणून झाडी-डोंगराच्या भागात टीव्हीचा पट्टा कामाचा.

प्रयोगापुरता परवाना घेऊन पालघर तालुक्यातल्या सात गावांत हे नेटवर्क उभं राहिलं. खामलोली, ढुकटण, जांभळासाठी प्रसिद्ध असलेलं बहाडोली, अशी ही गावं. टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून गाव जोडायचं आणि गावात वायफाय द्यायचं, अशी रचना. भारतात या प्रकारचा हा अगदी सुरुवातीचा प्रयोग.

पण मित्रांनो, गोष्ट इथं सरळ पुढे गेली नाही. प्रयोगाचा परवाना वेगळा आणि धंद्याचा परवाना वेगळा. टीव्हीचा पट्टा असा व्यावसायिक वापरासाठी खुला झाला नाही. तंत्र तयार, गणित तयार, गावं तयार, पण नियम तयार नाही.

मग टीम थांबली का? नाही. पुढच्या टप्प्यात त्यांनी ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टा घेतला, ज्याला लायसन्स लागत नाही. लहर छोटी, म्हणून अँटेना उंच लावायचा, समोरासमोर नजर साधायची, एका गावातून पुढच्या गावाला उडी मारत जायचं. काम थोडं वाढलं, पण गावांची संख्या सातवरून पंचवीसपर्यंत गेली. जो रस्ता उत्तम होता तो बंद निघाला, तर जो उघडा होता त्यावरून चालत राहिले.

चालवणार कोण?

आता येतो खरा मुद्दा. सरकारी किंवा संस्थेच्या पैशातून गावात बसवलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. सोलर दिवा पहिल्या पावसाळ्यात बंद. हातपंपाचा वायसर गेला की पंप बंद. बसवणारा निघून गेला, आणि गावाला वाटतं, ते काही आपलं नाही.

ग्राममार्गच्या टीमनं याचं उत्तर म्हणून एक भागीदारी सुचवली: सरकार, खासगी आणि पंचायत. सरकार फायबर आणतं. पंचायत गावातल्या नेटवर्कमध्ये पैसे घालते, म्हणजे ते नेटवर्क गावाचं होतं. आणि रोजचं चालवणं, दुरुस्ती, डेटा विकणं, पैसे गोळा करणं हे गावातला एक तरुण उद्योजक करतो. येणाऱ्या पैशातून त्याचा वाटा त्याला, पंचायतीचा वाटा पंचायतीला.

यात गंमत बघा. अँटेना पडला तर तो परत उभा करण्यात दोघांचा फायदा आहे. तरुणाचा गल्ला बंद होतो आणि पंचायतीचा वाटा बुडतो. म्हणजे दुरुस्तीसाठी कुणाला अर्ज करत बसावं लागत नाही.

२०१७ मध्ये मोझिला या संस्थेनं जगभरातून स्वस्त इंटरनेटच्या कल्पना मागवल्या. ग्राममार्गच्या वतीनं टीममधल्या संशोधक डॉ. सर्बानी बॅनर्जी बेलूर यांनी मांडणी केली आणि पहिलं बक्षीस मिळालं, सव्वा लाख डॉलर. पालघरच्या गावांतल्या कामाला जगातून पहिला नंबर! आपल्या जिल्ह्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

सहा किलोमीटरची गोष्ट

पंचवीस गावं जोडणं चांगलंच. पण देशात गावं सहा लाखांच्या वर. एवढ्या गावांसाठी उपकरणं स्वस्त व्हायची तर ती जगभर लाखोंनी बनली पाहिजेत. आणि ती लाखोंनी केव्हा बनतात? जेव्हा जागतिक मानकात, म्हणजे स्टँडर्डमध्ये, तुमची गरज लिहिलेली असते.

५जीचं स्टँडर्ड ठरत होतं तेव्हा चर्चा कशाची होती? ताशी ५०० किलोमीटर वेगानं जाणाऱ्या ट्रेनमध्ये नेट कसं चालेल, याची. ग्रामीण भागाची जी चाचणी ठरली होती, तिच्यात दोन टॉवरमधलं अंतर धरलं होतं १,७३२ मीटर. म्हणजे पावणेदोन किलोमीटरवर एक टॉवर! आपल्याकडे कुठली कंपनी जव्हार ते मोखाडा पावणेदोन किलोमीटरवर टॉवर लावणार आहे?

भारताच्या बाजूनं वेगळा मुद्दा मांडला गेला. आमच्या गावातला माणूस पायी चालतो, सायकलवर किंवा मोटरसायकलवर असतो. त्याला विमानाचा वेग नको. त्याला टॉवर लांब असला तरी सिग्नल हवा. म्हणून चाचणी अशी घ्या: टॉवरमधलं अंतर ६ किलोमीटर, वेग कमी. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं ही चाचणी स्वीकारली. तिला 'लो मोबिलिटी लार्ज सेल' म्हणतात, म्हणजे कमी वेग, मोठा घेर. हे काम टीएसडीएसआय या भारतीय दूरसंचार मानक संस्थेमार्फत झालं, आणि ती संस्था उभी करण्यात आणि पुढे नेण्यात करंदीकरांचा मोठा वाटा होता.

आपल्या पालघर जिल्ह्यातूनच मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग जातो. त्याच जिल्ह्यात पाठीवर रेशनची गोणी घेऊन पाड्यावर चढणारी बाईही राहते. दोघांनाही नेटवर्क हवं, पण दोघांची गरज एक नाही. सहा किलोमीटरची ती एक ओळ त्या बाईच्या बाजूनं जगाच्या कागदावर लिहिली गेली.

याच्या पुढचं पानही वाचा, कारण ते जास्त शिकवतं. टीएसडीएसआयनं '५जीआय' नावाचं भारताचं स्वतःचं स्टँडर्ड तयार केलं, त्याला आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. पण मोबाइल कंपन्यांनी हात आखडता घेतला. वेगळं स्टँडर्ड म्हणजे वेगळी उपकरणं, वेगळे फोन, वाढलेला खर्च. शेवटी ५जीआयमधला महत्त्वाचा भाग जागतिक ५जी स्टँडर्डच्या पुढच्या आवृत्तीत सामावून घेतला गेला. वेगळी पाटी राहिली नाही, पण माल जगाच्या दुकानात पोचला.

त्याच सुमारास करंदीकरांच्या अध्यक्षतेखाली आयईईई या जागतिक संस्थेत 'फ्रूगल ५जी'वर, म्हणजे काटकसरीच्या ५जीवर, काम चालू होतं. लांबवर पोचणारा एखादाच मोठा टॉवर, गावात वायफाय, आणि मध्ये बिनतारी उड्या, अशी ती रचना. त्यातून २०२४ मध्ये आयईईई २०६१ हे स्टँडर्ड निघालं. पालघरच्या गावांत ज्या अडचणी दिसल्या, त्याच आता जगातल्या कुठल्याही इंजिनिअरला वाचता येतील अशा स्वरूपात आल्या.

आपल्या धंद्यासाठी पाच धडे

१. गिऱ्हाईक मोजा, मग माल ठरवा. त्यांनी आधी पाहिलं की माणूस किती लांब राहतो, किती वेगानं फिरतो, किती पैसे देऊ शकतो. शहरातलं मॉडेल उचलून गावात ठेवलं नाही. तुम्ही मुंबईतल्या कॅफेचं मेनूकार्ड बघून जव्हारच्या एसटी स्टँडवर दुकान टाकणार असाल तर थांबा.

२. रिकामं काय पडलंय ते शोधा. १५ पैकी १२ चॅनेल रिकामे होते. तुमच्या गावात काय रिकामं आहे? दुपारी बंद असलेली पिठाची गिरणी? परतीला रिकामा जाणारा टेम्पो? शाळा सुटल्यावरची खोली?

३. परवानगी हा खर्चाचाच भाग धरा. प्रयोग चालला म्हणजे धंदा चालेल असं नाही. एफएसएसएआय, ग्रामपंचायतीचा दाखला, दुकानाची नोंदणी, जे लागतं ते आधी विचारा. आणि मुख्य रस्ता बंद असला तर दुसरा कोणता उघडा आहे तेही बघून ठेवा.

४. चालवणाऱ्याला सुटलं तरच धंदा टिकतो. बचत गटाचं मशीन असो, सामायिक ट्रॅक्टर असो. रोज हात लावणाऱ्या माणसाला त्यातून काही मिळत नसेल तर ते मशीन वर्षभरात गंजतं.

५. नावापेक्षा माल पोचणं महत्त्वाचं. ५जीआयची वेगळी पाटी गेली, पण काम आत शिरलं. तुमची नाचणीची बिस्किटं दुसऱ्याच्या ब्रँडखाली विकली जात असतील आणि पैसे वेळेवर येत असतील, तर सुरुवातीला त्यात कमीपणा मानू नका.

मग जव्हार-मोखाड्यात हा धंदा होईल का?

आता खिशाचं बोलू. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात कुणीही दुकानदार 'पब्लिक डेटा ऑफिस' होऊ शकतो. जुन्या पिवळ्या पीसीओ बूथसारखंच, फक्त फोनऐवजी वायफाय. त्यासाठी लायसन्स नाही, सरकारी फी नाही. तुम्ही एका नोंदणीकृत कंपनीशी, म्हणजे ॲग्रीगेटरशी, जोडून घ्यायचं. ग्राहकाची ओळख पटवणं, हिशेब ठेवणं ही तांत्रिक कामं तो बघतो. तुम्ही ब्रॉडबँड कनेक्शन घेता, राउटर लावता आणि छोटी-छोटी पॅक विकता.

जून २०२५ मध्ये ट्रायनं आणखी एक सोय केली. या छोट्या वायफाय दुकानदारांना २०० एमबीपीएसपर्यंतच्या कनेक्शनसाठी घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त आकार लावता येणार नाही, असा आदेश काढला.

एक सूचना. घरचं कनेक्शन घेऊन त्याचा पासवर्ड शेजाऱ्यांना पैसे घेऊन वाटणं, हे यात बसत नाही. उद्या कुणी त्या नेटवरून फसवणूक केली तर पोलीस कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्या दारात येतात. रीतसर ॲग्रीगेटरकडूनच करा.

आता हिशेब. आकडे मी समजावण्यासाठी धरतोय, तुमचे वेगळे येतील. समजा पाड्यावर ६० घरं, त्यातली २५ महिन्याला सरासरी १०० रुपयांचं नेट घेतात. आले २,५०० रुपये. कनेक्शनला ९०० धरा, ॲग्रीगेटरचा वाटा आणि वीज मिळून ५०० धरा. उरले ११००. राउटर, बॅटरी, खांब यांच्यासाठी समजा १२,००० घातले, तर ते वसूल व्हायला अकरा महिने.

म्हणजे नुसत्या वायफायवर घर चालणार नाही. हे मी स्पष्ट सांगतो, कारण काही जण या योजनेचे 'घरबसल्या तीस हजार' असे व्हिडिओ बनवतात. वायफाय हा जोडधंदा आहे. त्याची खरी कमाई म्हणजे दारात येणारी माणसं. तिथंच फॉर्म भरणं, झेरॉक्स, लाइट बिल, रिचार्ज, बँकेचे पैसे काढून देणं जोडलं की दुकान उभं राहतं.

आपल्या भागाच्या तीन गोष्टी मात्र हिशेबात घेतल्याच पाहिजेत:

- स्थलांतर. भाताची कापणी आणि दिवाळी झाली की किती घरं वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात, तुम्हाला माहीत आहे. वरचा अकरा महिन्यांचा हिशेब तिथंच लांबतो. म्हणून महिन्याच्या पॅकवर धंदा उभा करू नका. पाच-दहा रुपयांचं एका दिवसाचं पॅक ठेवा, आणि पावसाळ्यातली कमाई पुढच्या चार-पाच महिन्यांना पुरवून वापरा.
- पाऊस आणि वीज. नेमके गिऱ्हाईक गावात असतात तेव्हाच लाइट जाते आणि सोलरला ऊन नसतं. बॅटरी बॅकअप दोन दिवसांचा धरा. माळावर किंवा टेकाडावर अँटेना लावणार असाल तर अर्थिंग चांगल्या माणसाकडून करून घ्या, नाहीतर एका कडाडण्यात सगळं जळतं.
- फायबर खरंच चालू आहे का? ग्रामपंचायतीत बॉक्स लावलेला असणं आणि त्यात नेट चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी. पैसे घालण्याआधी आठवडाभर रोज तीन वेळा जाऊन स्पीड तपासा आणि वहीत लिहा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुम्हाला वायफायचा धंदा करायचा असो वा नसो, वहीचं एक पान घ्या आणि चार ओळी लिहा. माझं गिऱ्हाईक माझ्यापासून किती लांब राहतं? ते एका वेळी किती रुपये सुटे काढू शकतं? माझ्या गावात वापराविना काय पडून आहे? आणि मी चार दिवस आजारी पडलो तर माझा धंदा कोण चालवेल, आणि त्याला मी काय देईन?

चौथ्या प्रश्नावर बहुतेकांचं पेन अडेल. अडू द्या, पण पान कोरं सोडू नका. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या टीमलाही लहरींच्या गणितानंतर याच प्रश्नाचं उत्तर शोधायला पंचायतीच्या दारात जावं लागलं.

तुमच्या चार ओळी कमेंटमध्ये टाका. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, कुठलेही असा, गावाचं नाव जरूर लिहा. कुणाच्या पंचायतीत फायबर चालू आहे आणि कुणाच्या बंद, एवढं जरी कळलं तरी पुढचा व्हिडिओ त्यावर करता येईल.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत हिशेब लिहीत राहा!